समुद्र समजावून सांगताना

सिनेमा चालू असताना मधेमधे बोलायचा पगार मला मिळत होता, हे माझ्या नातवाला काही केल्या खरं वाटत नाही. “आणि लोक तुम्हाला मारत नव्हते, आबा?” असं विचारतो. नाही मारत, बाबा. उलट मी तापानं पडलो आणि एखाद्या दिवशी आलो नाही, तर थर्ड क्लासमधून ओरड व्हायची, “मास्तरले आना, नाई तं खेळ बंद करा.”

आमचं थेटर अमरावतीत होतं. नाव सांगत नाही. मालकांचे नातू आता मोठे लोक झाले आहेत, त्यांना बाकांमधल्या ढेकणांची आठवण करून दिलेली आवडायची नाही. मी तिथं सकाळी बुकिंग क्लार्क, दुपारी टांग्यात बसून भोंग्यावरून जाहिरात करणारा, आणि इंग्रजी सिनेमा लागला की समजावणारा. त्याआधी दोन वर्षं एका शाळेत पोरं वळली होती, तेवढ्या पुण्याईवर सारं गाव मला मास्तर म्हणे.

समजावणाऱ्याचं काम असं. पडद्याच्या डाव्या अंगाला एक स्टूल, स्टुलावर आपण, हातात माईक. सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या बडनेऱ्याला गाडीतून उतरायच्या. सोबत इंग्रजीत छापलेली गोष्ट असायची. ती वाचायची, आदल्या दिवशी रिकाम्या थेटरात सिनेमा एकदा पाहायचा, आणि मग तो लोकांना आपल्या बोलीत सांगायचा. पात्रं बोलत असली की आपण बोलायचं. मारामारी लागली की गप्प बसायचं, कारण मारामारी साऱ्यांना समजते. इंग्रजी नावं कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून ती घ्यायचीच नाहीत. मोठा साहेब, धाकटा साहेब, दाढीवाला, दाढीवाल्याची बायको, झालं काम. सगळ्यात कठीण प्रकरण म्हणजे चुंबन. पलीकडं बायकांच्या बाजूला आयाबहिणी बसलेल्या आणि पडद्यावर हे असं. मी घाईघाईनं म्हणायचो, “इथं दोघांचं लग्न ठरलं.” एकदा अंधारातून आवाज आला, “मास्तर, याइचं तं चौथ्यांदा ठरून राह्यलं. मानपानावरून अडलं काय?” सारं थेटर हसलं, मीही हसलो, आणि तेवढ्यात पुढचं रीळ निघून गेलं.

आता त्या जहाजाच्या सिनेमाविषयी. साठ सालानंतर कधीतरी तो आमच्याकडं आला. रंगीत, लांबलचक, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाणीच पाणी. गोष्ट साधी होती. शिडाचं एक मालवाहू जहाज बंदरातून थाटात निघतं. कप्तान कडक. वाटेत प्यायचं पाणी कमी पडतं, तेव्हा कप्तान पाण्याचं पिंप आपल्या ताब्यात घेतो. एक खलाशी आजारी जोडीदारासाठी त्यातलं पाणी घेतो. त्याला डोलकाठीला बांधून चाबकाचे फटके मारतात. मग धाकटा साहेब आणि सारे खलाशी बिथरतात, कप्तानाला त्याच्याच खोलीत कोंडतात. वादळ येतं, एक माणूस समुद्रात जातो, शेवटी जहाज कसंबसं घरच्या बंदराला लागतं आणि बँड वाजतो. आमच्याकडं आलेली प्रत इतकी जुनी होती की पडद्यावर उभ्या रेघाच रेघा. समुद्रावर बारा महिने पाऊस पडतो असा पुष्कळांचा समज तिथंच पक्का झाला, आणि मीही तो मोडला नाही. कारण समुद्र मी कुठं पाहिला होता? वडाळीचा तलाव आणि पुरातली पूर्णा, एवढंच माझं पाणी.

आधी तो सिनेमा अकोल्याला होता. तिथल्या समजावणाऱ्याचा घसा बसला म्हणून मालकांनी मला चार दिवस तिकडं धाडलं. पहिल्याच खेळाला मी मोठ्या रसानं सांगितलं, “पाहा दैव कसं असते. चहूकडं पाणी, पण सारं खारं. एक घोट पिता येत नाही.” मला वाटलं लोक हळहळतील. तर पुढच्या बाकावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “मंग? आमच्या इहिरीचं बी तसंच हाय.” अकोल्याकडचा तो सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. त्या लोकांना खाऱ्या पाण्याचं नवल मी सांगायला गेलो होतो. पण एक झालं, जहाजावरची तहान अकोल्याला जेवढी समजली तेवढी दुसऱ्या कुठल्या गावाला समजली नसेल. अमरावतीत लोक त्या वेळी फुटाणे खायचे.

सिनेमा लोकांना रुचला का नाही, हे कळायची आमच्या धंद्यातली जागा म्हणजे सायकल स्टँड. मध्यंतरात जो सायकल काढतो तो समीक्षक. त्याच्याशी वाद घालता येत नाही. या सिनेमाला पहिल्या दिवशी दहा-पंधरा सायकली मध्यंतरातच निघाल्या. विचारलं तर म्हणाले, “गानं नाई, हिरोईन नाई, नुसतं आंघोळीचं पानी.” दुसऱ्या दिवशी मात्र फटक्यांची आणि बंडाची बातमी गावात पसरली, आणि तिसऱ्या दिवसापासून सायकली शेवटपर्यंत जागेवर राहू लागल्या.

दुसरे समीक्षक छापील होते. गावात एक साप्ताहिक निघायचं, त्यात प्राध्यापक गोळे सिनेमाचं परीक्षण लिहायचे. कॉलेजात इंग्रजी शिकवायला पुण्याहून आलेले. पहिलं वर्षभर त्यांना आमच्याकडं कोणी ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं की भांडण सुरू झालं असंच वाटे. माणूस सरळ, पण पेनाला धार. मुंबईच्या इंग्रजी पेपरांनी या सिनेमाची सालं काढली होती, ते त्यांनी आधी सांगितलं: कथा शिळी, नायक लाकडी, समुद्र तेवढा उत्तम. मग स्वतःचं मत दिलं की नायक लाकडी खरा, पण लाकूड ओलं आहे, पेट घेत नाही. फटक्यांचा प्रसंग त्यांना ‘नको इतका लांबलेला, कात्री लावण्याजोगा’ वाटला. आणि शेवटचा परिच्छेद खास माझ्यासाठी: ‘पडद्यावरचा कप्तान खलाशांचा जितका छळ करतो, त्याहून अधिक छळ पडद्याशेजारचे गृहस्थ प्रेक्षकांचा करतात. चित्रपटात आहे तेवढंच सांगावं, पदरचं घालू नये.’ मला राग आला. पण वाक्य झकास होतं, म्हणून मी ते चार जणांना वाचून दाखवलं.

त्याच आठवड्यात सुखदेव माझ्याकडं आला. सुखदेव आमचा डोअरकीपर. मूळचा तिवशाकडच्या एका खेड्यातला. छप्पन साली दीक्षा घेतली, गावकीची कामं टाकली आणि बायको-पोराला घेऊन तो अमरावतीला आला. बायको पंचफुलाबाई कापसाच्या जिनात मजुरीला जायची. पोरगा आनंद मॅट्रिक झालेला, घराण्यातला पहिलाच. नागपूरला जाऊन त्यानं परीक्षा दिली, शरीराची तपासणी झाली, आणि नेव्हीत त्याची निवड झाली. आठवडा संपायच्या आत त्याला मुंबईची गाडी धरायची होती. आणि पंचफुलाबाई नाही म्हणून बसली होती.

“काहून नाही म्हणते?” मी विचारलं.

“म्हनते, जे पानी आपन कोनीच पाह्यलं नाई, त्यात पोट्टं कसं सोडू? अन् पोट्टं म्हनते, माय हाव म्हनल्याबिगर पाय उचलत नाई.” सुखदेवनं आवाज खाली आणला. “हा नंबर गेला तं दुसरा लागत नाई, मास्तर. मंग माह्यासारखंच गेटावर उभं रायनं हाय त्याच्या नशिबी. म्हनून उद्या तीनच्या खेळाले तिले आनून राहिलो. समुद्र दाखवतो तिले.”

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. “कोणता समुद्र? हा? आपल्याकडं लागला तो?”

“दुसरा कुठी हाय आपल्याकडे?”

“अरे सुखदेव, तू हा सिनेमा पाहिला का?”

“रोज पाह्यतो. मस्त हाय. जहाज निंगते, झेंडे फडकते. मंग जहाज येते, बँड वाजते.”

“आणि मधात?”

“मधात मी गेटावर रायतो ना.”

डोअरकीपरची रीत वाचकांना सांगायला पाहिजे. तो तिकिटं फाडतो, लोक बसले की दार लावतो, पहिली पाच मिनिटं पडदा पाहतो आणि बाहेरच्या गेटावर जातो, कोणी फुकट्या शिरू नये म्हणून. शेवटची पाच मिनिटं उरली की दारं उघडायला परत आत येतो. सुखदेवनं शेकडो सिनेमे पाहिले होते, पण सगळे असेच, डोकं आणि शेपूट. त्याच्या लेखी जगातला प्रत्येक सिनेमा आनंदात सुरू होऊन आनंदात संपत होता, आणि मधल्या भागाबद्दल त्याला कधी शंकाच आली नव्हती.

मी त्याला चाबूक सांगितला, वादळ सांगितलं, समुद्रात गेलेला माणूस सांगितला. त्याचं तोंड उतरलं. “आता काय करू? तिनं जिनातल्या समद्या बायाइले सांगून टाकलं. सुट्टी बी मांगतली.” मग त्याला सुचलं. “पन मास्तर, सांगनार तं तुमीच ना? तुमी चांगला सांगा.”

खरं सांगतो, मला मोठेपणा वाटला. एका पोराचं आयुष्य आपल्या जिभेवर आहे, या विचारानं मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, झोप चांगली लागली. पण सकाळी उठल्यापासून तयारी केली. चाबकाचं काय सांगायचं, वादळाचं काय, सगळं मनात जुळवून ठेवलं.

तीनचा खेळ सुरू झाला. बायकांच्या बाजूला पंचफुलाबाई पुढच्या बाकावर ताठ बसलेली, पदर दोन्ही खांद्यांवर. आणि फर्स्ट क्लासमध्ये कोण? प्राध्यापक गोळे, दोन विद्यार्थ्यांना घेऊन. माझ्या समजावण्याचा नमुना त्यांना ऐकवायला आणलं होतं, असं मागाहून कळलं.

मी देवाचं नाव घेतलं आणि सुरू केलं. “समुद्र म्हणजे वडाळीचा तलाव, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही, एवढाच फरक. जहाजावर दोन टाइम जेवण, कपडे फुकट, हवा एकदम चोख.”

“मास्तर,” थर्ड क्लासमधून आवाज आला, “काल तं तुमी म्हनलं का खायाले भेटत नाई म्हनून.”

“ते कालचं,” मी म्हणालो.

मग तो प्रसंग आला. खलाशानं पिंपातून पाणी घेतलं, आजाऱ्याच्या तोंडात घातलं, आणि त्याला डोलकाठीला बांधलं. चाबूक वर गेला. मी माईक जवळ ओढून म्हणालो, “हा माणूस चोर आहे. यानं कोठारातला माल चोरला. बाकी जहाजावर कोणाला हात लावत नाहीत.”

“अहो, काय सांगताय काय?” फर्स्ट क्लासमध्ये गोळे उभेच राहिले. “माल कसला? पाणी घेतलंय त्यानं. आजाऱ्यासाठी घेतलंय.”

एवढ्यात त्यांच्या तोंडावर बॅटरीचा उजेड पडला. त्या दिवशी सुखदेव गेट सोडून आत उभा होता. सगळ्या नोकरीत त्यानं फर्स्ट क्लासच्या माणसाला कधी एका शब्दानंही दुखवलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, “साहेब, तुमी मोठे मानसं. पन जरा चूप बसा.” गोळे इतके चकित झाले की खरोखरच बसले.

मध्यंतरात सुखदेव त्यांना सोडावॉटरच्या गाडीजवळ घेऊन गेला. हातवारे करून काहीतरी सांगत होता. गोळे ऐकत होते आणि मधूनच माझ्याकडं पाहत होते. पुढच्या अंकात मी संपूर्ण छापला जाणार, याची खात्री वाटली.

दुसरा भाग सुरू झाला. खलाशांनी कप्तानाला खोलीत कोंडलं. मी म्हणालो, “कप्तानाची तब्येत ठीक नाही, म्हणून त्याला आरामाला ठेवलं.” लोक कुरकुरले. वादळ आलं. मी म्हणालो, “हे जुन्या काळचं वादळ आहे, आता असे येत नाहीत.” लोक आणखी कुरकुरले. मग लाट आली आणि माणूस गेला. मी एका दमात सांगितलं, “मागून दुसरं जहाज येत होतं, त्यानं याला उचलून घेतलं. पुढं तो सुखरूप घरी पोचला.”

आता थर्ड क्लास खवळला. “कोनतं जहाज? मांगं तं काईच नाई!” “मास्तर लबाड बोलून राह्यले!” कोणी बाक वाजवू लागलं.

तेव्हा फर्स्ट क्लासमधून प्राध्यापक गोळ्यांचा वर्गातला आवाज आला. “शांतता. मागे जहाज होतं. मी पाहिलं आहे. मास्तर बरोबर सांगताहेत.”

शिकलेल्या माणसानं पाहिलं म्हणजे असेलच, असं म्हणून बाकं थांबली. त्यांचे दोन विद्यार्थी मात्र त्यांच्याकडं नुसते बघत राहिले. मला त्या माणसाबद्दल जी माया वाटली ती आजतागायत टिकली आहे. पदरचं घालू नये म्हणणारा माणूस, त्यानं पदरचं अख्खं जहाज घातलं होतं.

बँड वाजला, दारं उघडली. बाहेर ऊन होतं. सायकल स्टँडच्या कडेला आम्ही तिघं उभे राहिलो, मी, गोळे आणि सुखदेव, निकालाला उभी राहिलेली पोरंच जणू. पंचफुलाबाई बायकांच्या दारातून आली. आनंदही आला होता, तो थोडा लांब उभा होता.

“कसा वाटला समुद्र?” मी विचारलं.

“मोठा हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडं सरळ पाहून तिनं विचारलं, “मास्तर, त्या मानसाले पान्यासाठी मारलं ना?”

“नाही हो. तो चोर होता, म्हणून तर...”

“मी पाह्यलं ना. वाटीभर पानी घेतलं त्यानं पिपातून, अन् पडेल मानसाच्या तोंडात घातलं. पान्याची कुठी चोरी असते काय, मास्तर?”

बोलायचा पगार घेणारा मी सायकली मोजू लागलो.

“माह्या भावाले असंच बांधलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, जिनातली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. “इहिरीजवळच्या निंबाले. पानी काहून शेंदलं म्हनून. मी लहान होती, घागर माह्याच हातात होती. समदं गाव उभं राहून पाह्यत होतं. एक मानूस नाई बोलला.”

सुखदेवला ते ठाऊक असावं. त्यानं मान खाली घातली.

“अन् इथं समदं जहाज उठलं,” ती म्हणाली. “मारनाऱ्याले कोंडून टाकलं. लाटा होत्या, मेला बी एक जन. त्याले कोनी उचललं नाई, तुमी कितीबी सांगा. पान्याचं भेव मले होतं, मास्तर. पन पानी तं पानी हाय. मानसं कशी हाय तिकडची, थे मले मालूम नव्हतं.” ती नवऱ्याकडं वळली. “जाऊ द्या आनंदाले.”

तेवढं बोलून ती घराकडं चालू लागली. आनंद तिच्या मागं गेला. सुखदेव स्टँडच्या ओट्यावर बसला आणि रडला, अगदी उघड. सायकली काढायला आलेले लोक त्याच्या बाजूनं जात होते.

गोळे सुखदेवजवळ ओट्यावर टेकले. मग म्हणाले, “तो फटक्यांचा प्रसंग लांबलेला नाही हो.”

“नाही,” मी म्हणालो.

मला लाज वाटत होती. खोटं बोललो याची नाही. खोटं तर मी रोज बोलायचो, लग्नं ठरवायचो. बायकांच्या बाजूला बसलेलं माणूस आपण सांगू तेवढंच पाहतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, त्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला तो प्रसंग आला, तेव्हा मी माईकवर एवढंच म्हणालो, “यानं पाणी घेतलं, म्हणून याला मारून राहिले.” कोणी फुटाणे खाल्ले नाहीत असं नाही. पण कुरकुर कोणी केली नाही.

आनंदाला सोडायला आम्ही बडनेऱ्याला गेलो. गोळेही आले होते. साहेबांना इंग्रजीत उत्तरं कशी द्यायची ते त्याला फलाटावर शिकवत होते, आणि पोरगं माना डोलवत होतं. गाडी आली, गडबड झाली. सुखदेवनं पेटी खिडकीतून आत सरकवली. पंचफुलाबाईनं पोराचा हात धरून ठेवला होता. रडली नाही. बाकीच्या आया सांगतात तसं जपून राहा, वेळेवर जेव, यातलं ती काही बोलली नाही.

“जहाजावर कोनी पानी मांगतलं तं देजो,” ती म्हणाली. “अन् कोनाले बांधून मारलं तं पाह्यत उभा नको रायजो.”

“हाव माय,” आनंद म्हणाला, आणि डब्यात चढला.